हत्तीची दोन घरं

सागुआ, १४ मार्च १९९८

निऊर्का,

समोरच्या काचिताने तुला फोन केला तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते. तिने रिसीव्हर माझ्यापुढे धरला होता. मी नुसती मान हलवली. नंतर ती म्हणाली, "पोरगी काही बोलली नाही. फक्त कधी, एवढंच विचारलं." तिने तुला सांगितलं ते खरं आहे. तुझे बाबा सकाळी गेले, कॉफी पिताना. मी आत भांडी विसळत होते. बाहेर आले तेव्हा कप हातात तसाच होता, सांडलाही नव्हता. त्रास झाला नसावा.

दुसऱ्या दिवशी दुपारीच पुरलं. इथे थांबत नाहीत, तुला ठाऊक आहे. परदेशातून, मेरिदाहून तुला पोचता येणं शक्यच नव्हतं, कागदपत्रंच झाली नसती. तुला कोणी बोल लावलेला नाही. कोणी लावला असं तुझ्या कानावर आलं, तर तो माझा नाही एवढं धरून चाल.

कोड्यांच्या मंडळाचे सगळे आले होते. आरिस्तिदेस अजून अध्यक्ष आहेत. जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झाले, पण चालताना अजून पावलं मोजतात असं वाटतं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, पटावर काही होतं का?" मी होतं म्हटलं. मग त्यांनी मंडळाच्या रिवाजाप्रमाणे पट अंत्यगृहात आणायला सांगितलं. कोडी करणारा गेला की त्याचं शेवटचं कोडं शवपेटीजवळ मांडतात, सोबतीला बसलेले ते सोडवतात आणि ज्याला सुटेल तो उठून मेलेल्याच्या कानात उत्तर सांगतो. तू लहान असताना म्हाताऱ्या बेनितोच्या वेळी तुझ्या बाबांनीच सांगितलं होतं. तू तेव्हा हसलीस म्हणून त्यांनी तुला दटावलं होतं.

पट तोच, चार बाय चार घरांचा, त्यांनी कापलेला. शेजारी लाकडाचा हत्ती, उंट आणि घोडा. पट मी स्वतः घेऊन गेले, घोडागाडीने. नीट पोचला.

दोघांनी कोडं सोडवलं, आरिस्तिदेसनी आणि निवाल्दोने. निवाल्दो मंडळाच्या पत्रकात कोड्यांचं पान लिहितो आणि त्याची जीभ अजून तशीच तिखट आहे. पण तोही पेटीशी वाकला तेव्हा टोपी काढून वाकला. मला बरं वाटलं.

मी ठीक आहे. औषधालयाच्या खिडकीवर कामाला परत जायला लागले आहे. औषधं फारशी येत नाहीत, त्यामुळे मोजायला कमीच असतं. हे पत्र काचिताचा भाचा तिकडे येतो आहे त्याच्याकडे देते. उत्तराची घाई नाही.

आई


१९ एप्रिल

निऊर्का,

मागच्या पत्रात मी पट नीट पोचला असं लिहिलं होतं. त्याबद्दल लिहायचं आहे, पण आधी जे झालं ते सांगते.

रविवारी आरिस्तिदेस आणि निवाल्दो घरी आले. मी कॉफी केली, रेशनवर मिळते तशी, निम्मी वाटाण्याचीच. आरिस्तिदेस खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"बाई, बाहेरून कळण्यापेक्षा आमच्याकडून कळलेलं बरं," ते म्हणाले.

"त्यात कळायचंय काय एवढं?" निवाल्दो म्हणाला. "कोड्याला दोन उत्तरं आहेत. मी त्याच्या डाव्या कानात एक सांगितलं, यांनी उजव्या कानात दुसरं. बिचारा तिकडे डोकं खाजवत बसला असेल."

"निवाल्दो!"

"काय निवाल्दो? मेला म्हणून काय परका झाला? तो असता तर आधी तोच हसला असता."

हसले नसते. तुला माहीत आहे आणि मलाही. दोन उत्तरांवर त्यांना हसताना मी कधी पाहिलेलं नाही.

तुला हे सगळं माहीतच आहे, पण मला आता जेवढं कळलंय तेवढं लिहिते, चुकलं तर चुकलं. पटाच्या काही घरांवर काळ्या घेवड्याचे दाणे. ज्या घरावर जितके दाणे, तितक्याच सोंगट्यांचा त्या घरावर मारा हवा. दाण्याच्या घरात सोंगटी ठेवायची नाही. सगळ्या सोंगट्या बसवायच्या आणि त्या एकाच रीतीने बसल्या पाहिजेत. दुसरी रीत निघाली की कोडं नासलं.

तुझे बाबा म्हणत, कोडं मुरू द्यावं. मांडून झालं की जेवणाच्या टेबलावर आठवडाभर तसंच ठेवायचं, आम्ही त्याच्या कडेने ताटं लावून जेवायचो. मुरल्याशिवाय कागदावर काही उतरवायचं नाही. हे शेवटचं अजून मुरत होतं. म्हणून ते कुठेच लिहिलेलं नाही.

आरिस्तिदेस म्हणाले, "शेवटी शेवटी माणसाचं डोकं थकतं. त्यात कमीपणा नाही."

निवाल्दो म्हणाला, "आणि हे पहिल्यांदा थोडंच आहे? प्रांताच्या स्पर्धेत नाही का, मुलीनेच उभं राहून दुसरं उत्तर सांगितलं. वीस वर्षांची पोर! मी तर खुर्चीतून पडायचा बाकी होतो."

मी कप उचलले. त्या दिवशीही मी काहीतरी उचलत होते, बहुतेक तुझी पर्स. तू बरोबर होतीस. तू बरोबर आहेस हे त्यांनाही त्याच क्षणी कळलं होतं. म्हणून तर तू देश सोडून जाईपर्यंत ते तुझ्याशी बोलले नाहीत.

आता मुख्य गोष्ट. स्टेशनसमोरच्या बागेत सिमेंटचं एक टेबल करायला मंडळाला परवानगी मिळाली आहे. फेर्मिन फरश्या बसवणार आहे, तोच ज्याने आपल्या न्हाणीघराची फरशी केली होती. टेबलावर चार बाय चारचा पट आणि दाण्यांच्या जागी काळ्या गोल फरश्या, कायमच्या. खाली नाव. दोष असला तरी शेवटचं कोडं तेच, म्हणून तेच लावायचं असं ठरलं.

निवाल्दो जाताना दारात म्हणाला, "बरंच आहे की. दोन उत्तरं, दोन बाजूंना दोन माणसं. भांडण नको."

लोक वर्षानुवर्षं तिथे बसतील, हात लावून बघतील आणि म्हणतील, म्हातारा शेवटी चुकला. तुझ्या बाबांनी आयुष्यभर जपलं ते एवढंच होतं, की चुकायचं नाही. मी दार लावून घेतलं.

घोडागाडीत पट माझ्या मांडीवर होता. रेल्वेच्या रुळांवरून जाताना गाडी उडाली आणि दाणे घरंगळले. मी ते परत ठेवले. तीन दाण्यांचे दोन ढीग होते, ते मला पक्के आठवत होते, त्यामुळे ठेवताना अडचण आली नाही. गाडीवाला म्हणाला, "मावशी, काही पडलं का?" मी नाही म्हटलं.

एवढंच. ढीग जागेवर होते, हे मी तुला शपथेवर सांगते.

आई


२४ मे

निऊर्का,

पेन्शनच्या कामासाठी ओळखपत्र काढायला पर्स उघडली. अंत्यविधीनंतर ती मी उघडलीच नव्हती. तळाशी अस्तरात एक काळा दाणा होता.

घोडागाडीत पर्स माझ्या मांडीवर उघडी होती, पटाच्या खाली. रुमालासाठी उघडली होती.

मी शपथ घेतली ती ढिगांपुरती खरी होती. पण त्या ढिगांशिवाय एक दाणा होता, एकटा, वेगळ्या घरात. तो मी पाहिला होता. जेवताना रोज दिसायचा. गाडीत दाणे परत ठेवताना तो मला आठवला, नाही असं नाही. पण सहा सापडले, सातवा सापडेना, अंत्यगृह समोर आलं होतं आणि लोक दारात उभे होते. मी स्वतःला सांगितलं की तो पडलेलाच दाणा असेल, कोड्यातला नसेल. मी आयुष्यभर खिडकीत गोळ्या मोजून दिल्या, निऊर्का. एक गोळी कमी पडली तर मी माणसाला परत बोलावते.

काचिताला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"एक दाणा?" ती म्हणाली. "एक दाणा म्हणून तू दोन महिने अशी तोंड पाडून फिरतेयस? अगं, टाक तो भांड्यात नि मोकळी हो."

"त्यांचं नाव जातंय, काचिता."

"नाव कुठे जातंय? त्याचं नाव तर सिमेंटात घालताहेत!" मग तिने हातातलं ताट बाजूला ठेवलं. "तू बोललीस तर तुला म्हणतील वेंधळी. नाही बोललीस तर त्याला म्हणतील थकलेला. तो ऐकायला नाही. तू आहेस. मी असते तर गप्प बसले असते."

तिने चांगल्यासाठीच सांगितलं. पण मला असं वाटलं की माझ्या मनातलं कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं.

मग मी पट काढला आणि टेबलावर मांडला. तो दाणा कुठल्या घरात होता हे आठवायला बसले. आठवलं नाही. रोज दोन वेळा त्या पटाशेजारी जेवले, मीठ त्याच्यावरून दिलं-घेतलं, आणि मला आठवत नाही. मी त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. दर वेळी ते विचारायचे, "बघतेस का?" आणि मी म्हणायचे, "छान आहे." मला वाटायचं त्यांना ते खरं वाटतं.

म्हणून मी सोंगट्या कशा चालतात ते शिकले. हसू नकोस. हत्ती सरळ, उंट तिरका, हे ठाऊक होतं. घोड्याला वेळ लागला. आठवत नाही तर निदान शोधून काढता येईल, असा माझा विचार होता. तीन-तीन दाण्यांची दोन घरं तिरकी लागून आहेत, एक कडेच्या ओळीत, दुसरं तिच्या वरच्या ओळीत. घोड्याला आणि उंटाला एकेकच जागा आहे, ते ठरलेलेच. हत्ती मात्र दोन ठिकाणी बसतो. त्या चार घरांच्या चौकोनात दोन कोपऱ्यांवर दाणे आहेत, उरलेल्या दोन कोपऱ्यांपैकी कुठल्याही एकावर हत्ती चालतो. हीच ती दोन उत्तरं. एकट्या दाण्याचं काम हत्तीचं घर ठरवणं, एवढंच होतं. तो असता तर एकच उत्तर होतं. त्यांचं कोडं बरोबर होतं, निऊर्का. हे मला स्वतः कळलं तेव्हा मी टेबलाशी बसून रडले. तोवर रडले नव्हते.

पण दाणा कुठे? मी एकेक घर करून पाहिलं. सात घरं अशी आहेत की त्यात दाणा ठेवला तर कोडं बरोबर होतं. काही घरांत ठेवला तर हत्ती इकडे, काहींत ठेवला तर तिकडे. सातही कोडी निर्दोष, आणि त्यातलं एकच त्यांचं.

गुरुवारी मी मंडळात गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आत पाऊल टाकलं. सगळे उठून उभे राहिले. मी उभ्यानेच सांगितलं, गाडी, रूळ, पर्स, सगळं. दाणा टेबलावर ठेवला. कोणी रागावलं नाही.  मग सगळे एकदम पटाभोवती गोळा झाले.

"इथे असणार! मधलं घर, त्याला मधलं आवडायचं."

"मधलं तुला आवडतं. त्याचं काय सांगतोस?"

"मतं घेऊ या," आरिस्तिदेस म्हणाले.

"मतं? मग उद्या उंट तिरका चालतो की नाही त्याच्यावरही मतं घ्या!"

मग आरिस्तिदेस माझ्याकडे वळले. "थांबा. बाई रोज त्या टेबलावर जेवत होत्या. बाई, तुम्हीच सांगा. नुसतं बोट ठेवा."

 माझ्याकडे इतकी माणसं एकदम कधी बघत नाहीत. मला वाटलं होतं मला वेंधळी म्हणतील, आणि ते तर मी सांगेन ते खरं धरायला तयार होते. बायको म्हणून. मी बोट ठेवलं. डाव्या हाताचा खालचा कोपरा. म्हटलं, "हो, इथे. आता आठवलं."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. आरिस्तिदेसचे डोळे ओले झाले होते. टेबल पुढच्या महिन्यात होईल, फेर्मिनकडे सिमेंट आलं की.

मला ते आठवलेलं नाही. पण त्या सातांपैकीच एक घर आहे, कोडं बरोबर होतं आणि त्यांचं नाव राहतं. मग बिघडलं काय, असं मी स्वतःला विचारते आहे. हे मी तुला का लिहिते आहे ते मला नीट सांगता येणार नाही.

आई


२ जुलै

निऊर्का,

तुझं कार्ड मिळालं. तुझं अक्षर बदललेलं नाही. एवढ्या वर्षांनी आलेल्या दोन ओळी मी पाठ केल्या आहेत: "बाबा कोपऱ्यात दाणा कधीच ठेवत नसत. म्हणायचे, कोपरा म्हणजे हातात उत्तर देणं. तुला खरंच आठवलं होतं, असं एकदा तरी वाटलं का?"

नाही. एकदाही नाही. माझं मागचं पत्र शेवटपर्यंत वाचूनही तू मला विचारलंस, हे तुझं चांगुलपण. दुसरी कोणी असती तर विचारलं नसतं.

कोपऱ्याचं मला माहीत नव्हतं. त्या सातांतले दोन कोपरे वगळले तर पाच घरं उरतात आणि त्यातही हत्ती दोन्हीकडे जाऊ शकतो. म्हणजे ते कोडं गेलं. मी हरवलं आणि ते आता कोणालाच सापडणार नाही, तुलाही नाही. हे कळल्यावर मी फेर्मिनकडे गेले, तर त्याची बायको म्हणाली तो पहाटेच सिमेंट घेऊन बागेत गेलाय.

मी पोचले तेव्हा पट बसवून झाला होता, ढिगांच्या काळ्या फरश्याही. कोपऱ्याची हातात होती.

"फेर्मिन, ती लावू नकोस."

"का? फुटलीय का?"

"जागा चुकीची आहे."

"बाई, कागदावर ही जागा आहे. आरिस्तिदेसना विचारा. सिमेंट वाळतंय."

मी टेबलावर बसले. मला दुसरं काही सुचलं नाही. कोपऱ्यावर, ओल्या सिमेंटाच्या शेजारी, खिडकीवरच्या पांढऱ्या कोटात. गाडीला वेळ होता आणि स्टेशनवरची माणसं जमायला लागली.

"काय झालं? बाईंना चक्कर आली का?"

"नाही, नाही, बाई हटून बसल्यात."

एक बाई रेशनची रांग समजून पिशवी घेऊन धावत आली. "शेवटचं कोण? काय मिळतंय इथे?"

"फरश्या," फेर्मिन म्हणाला. "माणशी एक."

कोणीतरी आरिस्तिदेसना बोलावून आणलं. निवाल्दोही आला, दाढी अर्धीच केलेली.

"बाई, हे काय?" आरिस्तिदेस हळूच म्हणाले. "सगळ्यांसमोर तुम्हीच बोट ठेवलं होतंत."

"खोटं ठेवलं. मला आठवत नव्हतं. आताही नाही."

मला वाटलं आता तरी कोणी मला काही बोलेल. आरिस्तिदेस जमिनीकडे बघायला लागले. निवाल्दोने गालावरचा साबण पुसला आणि म्हणाला, "ठाऊक आहे आम्हाला."

"काय ठाऊक आहे?"

"कोपऱ्यात? एलिसेओ? बाई, तो मेला असता पण कोपऱ्यात दाणा ठेवला नसता. तुम्ही बोट ठेवलंत तेव्हाच सगळ्यांना कळलं."

"मग टाळ्या का वाजवल्या?"

 "तुम्ही एवढ्या वर्षांनी आत आला होतात," निवाल्दो म्हणाला. "काय करणार होतो?"

निऊर्का, मला चोरी पकडली गेली असती तर बरं वाटलं असतं. त्या खोलीत मी एकटीच अशी होते जिला कळलं नव्हतं की मी खोटं बोलते आहे हे सगळ्यांना कळलंय. त्या माणसांना तुझे बाबा काय विचार करायचे, कशाला नाक मुरडायचे, काय टाळायचे, हे सगळं माहीत होतं. मी त्यांच्या शर्टाची गुंडी कुठली सैल आहे ते सांगू शकते. त्यापलीकडे मला काहीच सांगता येत नाही. त्या लोकांनी हे पाहिलं, आणि माझी दया येऊन त्यांच्याबद्दलचं खोटं दगडात घालायला निघाले.

"उठा, बाई," आरिस्तिदेस म्हणाले. "हा दाणा काढतो. पण मग काय राहतं ते बघा. दोन ढीग, दोन उत्तरं आणि खाली त्याचं नाव. तुम्हाला तेच नको होतं ना?"

ते खरं होतं. मी उठले नाही. म्हटलं, "नावाच्या खाली लिहा, की यातला एक दाणा सेनाइदा पेद्रोसो हिने हरवला, कोडं करणाऱ्याची चूक नाही."

"असं कुठे पाटीवर लिहितात का?"

"का नाही?" ती पिशवीवाली बाई म्हणाली. "आमच्या गल्लीत तर फुटलेल्या नळावर ज्याने फोडला त्याचं नाव लिहिलंय."

"ते नळावर, बाई. हे स्मारक आहे."

"स्मारक पण फुटलंय ना तुमचं?"

लोक हसले. निवाल्दोही हसला आणि पहिल्यांदाच त्याचं हसणं मला लागलं नाही. फेर्मिन पट्टी घेऊन मोजत होता. "एवढी अक्षरं मावत नाहीत," तो म्हणाला. "एक ओळ आहे. 'एक दाणा बायकोने हरवला', एवढं बसतं. नाहीतर तुमचं नाव, 'बायको' काढून. दोन्ही नाही."

"नाव घाल," मी म्हटलं.

"बायको म्हटलं तर लोकांना कळेल तरी कोण ते."

"नाव घाल, फेर्मिन."

बायको म्हणूनच तर त्यांनी मला बोट ठेवायला सांगितलं होतं.

आरिस्तिदेस पावलं मोजल्यासारखे टेबलाभोवती फिरले आणि म्हणाले, "घाल." मी उठले. कोटाला मागे सिमेंट लागलं होतं, ते अजून निघालेलं नाही.

टेबल आता झालं आहे. तुझ्या बाबांचं नाव मोठ्या अक्षरांत आहे आणि खाली बारीक: एक दाणा सेनाइदा पेद्रोसोने हरवला. उद्घाटनाला मी मागे उभी होते. भाषणात आरिस्तिदेसनी त्या ओळीचा उल्लेख टाळला आणि निवाल्दोने मुद्दाम केला. तुझाही केला. म्हणाला, "एलिसेओच्या कोड्यात खरी चूक आजवर एकदाच सापडली आणि ती त्याच्या मुलीला." त्यावर टाळ्या पडल्या. त्या मात्र खऱ्या होत्या, एवढं मला आता ओळखता येतं.

तू इकडे ये असं मी म्हणत नाही. तुझ्याकडे मी काही मागण्याजोगी राहिलेले नाही. तुझ्याशी फोनवर मी काही बोलले नाही, कारण तू पहिला प्रश्न काय विचारशील ते मला माहीत होतं. ते शेवटी तुझ्याबद्दल काही म्हणाले का. नाही म्हणाले. पण एकदा ते कोडं मांडत असताना मी आत गेले तर कोणाशी तरी बोलत होते. "आता शोध बघू दुसरं," असं. मी विचारलं कोणाला म्हणता, तर म्हणाले, कोणाला नाही. मला तेव्हाच कळलं होतं. हे मी तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. मी ताटं मांडली.

काल संध्याकाळी सांता क्लाराच्या गाडीची वाट बघत बागेतल्या बाकावर बसले होते. एक अनोळखी माणूस टेबलापाशी आला. खिशातून सोंगट्या काढून त्याने दाण्यांभोवती मांडून पाहिल्या. हत्ती एकदा इकडे ठेवला, एकदा तिकडे. मग वाकून खालची ओळ मोठ्याने वाचली आणि कोणालाच उद्देशून नाही असं विचारलं, "ही सेनाइदा पेद्रोसो कोण?"

"मी," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग परत ओळीकडे. "कुठे होता तो?"

"माहीत नाही."

माझे कान तापले होते. पण गाडी येईपर्यंत मी बाकावरून उठले नाही.

आई